पनामा कालवा (१९०४–१९१४): माती कुठे टाकायची?

मोजपट्टी
"अमेरिकेकडे मोठी यंत्रं होती म्हणून कालवा झाला, फ्रेंचांकडे नव्हती म्हणून बुडाला" हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे. फ्रेंचांकडेही वाफेवर चालणारे ड्रेजर (पाण्याखालचा गाळ उपसणारी यंत्रं) होते, खोदयंत्रं होती, आगगाड्या होत्या. १८८१ ते १८८९ या काळात त्यांनी पावणेसात कोटी घनयार्डांच्या आसपास खोदाई केली. ती आकड्यात कमी नाही.

त्यांचं गणित चुकलं ते दुसरीकडे. सुटलेली माती वेळेत उचलून, परत घसरून येणार नाही इतक्या लांब नेऊन टाकायची सोय त्यांनी नीट बसवली नाही. लहान डबे, वेगवेगळ्या मापांचे रूळ, आणि कापणीच्या अगदी कडेला रचलेले ढीग. पावसाळ्यात ते ढीगच खाली यायचे.

४ मे १९०४ रोजी अमेरिकेने ताबा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षी तीच चूक पुन्हा झाली. मुख्य अभियंता जॉन वॉलेस यांच्यावर वॉशिंग्टनहून "माती उडताना दिसली पाहिजे" असा दबाव. यंत्रं आली, गाड्या नाहीत. जुन्या फ्रेंच वाघिणी रुळावरून घसरायच्या आणि खोदयंत्र तासन् तास रिकामं उभं. जून १९०५ मध्ये वॉलेस बाहेर पडले. जुलैत जॉन स्टीव्हन्स आले आणि त्यांनी कुलेब्राची, म्हणजे डोंगरातल्या मुख्य कापणीची, खोदाई जवळजवळ थांबवली. आधी घरं, पाणी, गटारं, गोदामं आणि दुहेरी रूळ. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत मुरलेला माणूस, त्यामुळे त्याने हे काम रेल्वेचं म्हणूनच पाहिलं.

धागा याच बाजूने चालवू या. खोदाईचे विक्रम सगळीकडे मिळतात.

रूळबदल
विषय आवडीचा, म्हणून जरा सविस्तर.

मुख्य यंत्र ब्युसायरस कंपनीचं ९५ टनी वाफेचं फावडं. बादली ५ घनयार्डांची. लिजरवुड कंपनीच्या सपाट वाघिणीत १९ घनयार्ड मावायचे, म्हणजे चार-पाच बादल्यांत वाघीण भरली. एका गाडीला २० वाघिणी. म्हणजे शंभरेक बादल्यांनंतर पुढची रिकामी गाडी तिथे हजर हवी. नसेल तर ९५ टनांचं यंत्र आणि त्यावरची सगळी माणसं बसून.

वाघिणींची रचना बघण्यासारखी. एका बाजूलाच फळी, दुसरी बाजू उघडी. दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकलेला, त्यामुळे अख्खी गाडी म्हणजे एक सलग ओटा. टाकण्याच्या जागी पोचलं की शेवटच्या वाघिणीवर तिरक्या पात्याचा तीन टनी नांगर ठेवायचा, त्याचा दोर इंजिनालगतच्या वाफेच्या रहाटाला बांधायचा आणि रहाट फिरवायचा. नांगर मागून पुढे सरकत सगळी माती उघड्या बाजूने ढकलत जातो. २० वाघिणी दहा मिनिटांत रिकाम्या. हातांनी उपसायच्या म्हटल्या तर मजुरांच्या टोळ्याच्या टोळ्या लागल्या असत्या.

मग रुळालगत मातीचा वरंबा उभा राहतो. तो पसरायला दोन्ही बाजूंना पंख असलेली वेगळी गाडी. ती फिरली की भरावाची कड रुंद झाली आणि रूळ त्या नव्या कडेवर सरकवायला हवा. हे सरकवणं ही सगळ्यात मोठी कटकट होती. पनामा रेल्वेचे बियर्ड यांनी त्यासाठी क्रेनसारखं यंत्र काढलं. ते स्लीपरांसकट रूळ उचलून बाजूला ठेवायचं. डझनभर माणसं आणि हे यंत्र दिवसाला ६०० मजुरांचं काम उरकत.

आणखी एक खुबी उताराची. कुलेब्राच्या मधोमध उंचवटा राखून दोन्ही तोंडांकडे उतार दिला. त्यामुळे भरलेली गाडी उताराने जाते, रिकामी चढावर येते, आणि पावसाचं पाणीही दोन्ही बाजूंना वाहून जातं. मार्च १९०९ मध्ये कापणीत ६८ फावडी एकाच वेळी चालत होती. त्या महिन्यात २० लाख घनयार्डांहून जास्त माल निघाला. कामाचे २६ दिवस धरले तर एका फावड्यामागे रोजचे अकराशे घनयार्ड. हा आकडा जितका फावड्याचा, तितकाच वाहतूक नियंत्रकाचा.

खडीवाला
+१. फक्त एक जोड: हे सगळे घनयार्ड जागेवरच्या खडकाचे. फुटल्यावर खडक फुगतो, त्यामुळे वाघिणींचा हिशेब त्याहून मोठा.

आणि टाकायची जागासुद्धा फुकट मिळत नव्हती. पॅसिफिक तोंडाशी नाओस बेटापर्यंत तीन मैलांचा भराव घालायचा होता, वाहत्या गाळाने कालव्याचं तोंड बुजू नये म्हणून. लाकडी खांबांवर रूळ टाकून त्यावरून दगड ओतायला सुरुवात केली. तळाशी मऊ चिखल. दगड खाली जाई, चिखल बाजूला फुगून वर येई आणि खांबांची रांग वाकडी होऊन रूळ गायब. अंदाजाच्या कित्येक पट दगड त्या चिखलाने गिळला.

पाऊलवाट
भाबडा प्रश्न. सुएझसारखा सरळ समुद्रसपाटीचा कालवा का नाही केला? लॉकची, म्हणजे जहाज पाण्याने वर-खाली करणाऱ्या हौदांची, भानगडच नको.

मोजपट्टी
भाबडा कसला, १९०६ पर्यंत वॉशिंग्टनमध्ये हाच वाद चालला होता. सल्लागार मंडळाने ८ विरुद्ध ५ मतांनी समुद्रसपाटीच्या बाजूने कौल दिला होता. स्टीव्हन्स लॉकच्या बाजूने उभे राहिले आणि २१ जून १९०६ रोजी सिनेटने ३६ विरुद्ध ३१ मतांनी लॉकचा आराखडा मान्य केला. पाच मतांचा फरक!

पनामाच्या फ्रेंच कंपनीचा प्रमुख लेसेप्स हा सुएझचा नायक. १८६९ नंतर मुंबईच्या कापसाला आणि टपालाला लंडन जवळ आलं ते त्याच्यामुळे, आणि त्या पुण्याईवर फ्रान्समधल्या लहान लहान गुंतवणूकदारांनी पनामाचे रोखे घेतले. पण सुएझला बहुतांश सपाट वाळू आणि पाऊस जवळपास नाही. पनामात मध्ये डोंगर, वर मुसळधार पाऊस, आणि चाग्रेस नदी कालव्याची वाट पुन्हा पुन्हा ओलांडते. पुरात ही नदी एका दिवसात २० फुटांहून अधिक चढायची. समुद्रसपाटीचा कालवा म्हणजे ती नदी उंचावरून थेट कालव्यात पडणार. शिवाय पॅसिफिककडे भरती-ओहोटीचा फरक २० फुटांच्या घरात, तर अटलांटिककडे जेमतेम एक-दोन फूट. म्हणजे भरतीचं एक लॉक तरी लागलंच असतं.

लॉकच्या आराखड्यात शत्रूच कामाला लावला. गातूनला चाग्रेस अडवली, ८५ फूट उंचीवर १६४ चौरस मैलांचं तळं झालं, आणि जहाज बराचसा प्रवास त्या तळ्यातून करतं. डोंगर समुद्रसपाटीपर्यंत न कापता ४० फूट उंचीवर थांबला. तळ्यामुळे पाणी मिळालं, पूर सामावला आणि खोदाई वाचली.

धरणकाठ
गातूनच्या धरणावर दोन ओळी हव्यातच. लांबी दीड मैल, तळाशी रुंदी अर्धा मैल, माथ्यावर १०० फूट. आधी १,२०० फूट अंतरावर दोन समांतर दगडी बांध घातले. त्यासाठी कापणीतलाच दगड वापरला. मधल्या पोकळीत ड्रेजरने पाण्यात कालवलेली माती पंपाने ओतली. पाणी निथळलं की बारीक माती घट्ट बसते आणि पाणी न झिरपणारा गाभा तयार होतो. घाई केली तर गाभा पातळच राहतो आणि बाहेरच्या बांधाला ढकलतो. नोव्हेंबर १९०८ मध्ये दगडी बांधाचा एक तुकडा खचला, तेव्हा अमेरिकी वर्तमानपत्रांनी "धरण गेलं" अशी हाकाटी केली. १९०९ च्या सुरुवातीला नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष टाफ्ट अभियंत्यांचं पथक घेऊन पाहणीला आले आणि आराखडा कायम राहिला. इतका चपटा उतार ठेवला होता तो उगाच नाही.

रसायनी
खोदाईआधी डास. ते न जमतं तर स्टीव्हन्सच्या गाड्या चालवायला माणसंच उरली नसती.

रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला ॲनाफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दाखवला. पीतज्वराबद्दल क्यूबाच्या कार्लोस फिनलायचं म्हणणं १९०० मध्ये हवानात वॉल्टर रीडच्या मंडळाने सिद्ध केलं. म्हणजे १९०४ मध्ये शास्त्र तयार होतं. पण कालवा आयोगातल्या वरिष्ठांना डासांमागे पैसे घालवणं हा मूर्खपणा वाटे. आरोग्य विभागाचे प्रमुख कर्नल गॉर्गस यांना जाळ्या, गंधक, रॉकेल यांसाठी एकेका मागणीपत्राची वाट पाहावी लागली. १९०५ मध्ये पीतज्वर पसरला, गोरे कर्मचारी मिळेल त्या बोटीने पळाले, तेव्हा कुठे तिजोरी उघडली.

पद्धत अशी. रुग्ण पहिले तीन दिवस डासाला रोग देऊ शकतो, आणि त्या डासाला दुसऱ्याला रोग द्यायला साधारण १२ दिवस लागतात. तेवढ्या अवधीत त्या घरातला आणि शेजारचा प्रत्येक डास मेला पाहिजे. घराच्या फटी कागदाच्या पट्ट्यांनी बंद करायच्या, तव्यांत गंधक किंवा पायरेथ्रम पूड ठेवून पेटवायची. पायरेथ्रमचं माप हजार घनफुटांमागे एक पौंड. गंधकाने डास मरतो, पण धातू काळा पडतो आणि कपडे खराब होतात. पायरेथ्रमने सामान वाचतं, पण डास नुसता गुंगतो. म्हणून नंतर जमीन झाडून ते डास जाळायचेच. तिथे आळस केला की सगळी मेहनत पाण्यात. या मोहिमेत १२० टन पायरेथ्रम आणि ३०० टन गंधक खपलं.

खरा इलाज मात्र नळ. पीतज्वराचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. पनामा सिटी आणि कोलोनमध्ये लोक पावसाचं पाणी पिंपांत भरून ठेवत. नळ आले, पिंपांची गरज संपली. पनामा सिटीतला पीतज्वराचा शेवटचा मृत्यू नोव्हेंबर १९०५ मधला. फ्रेंचांच्या इस्पितळात तर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. रुग्णाच्या उशाशीच डासांची पैदास.

पाऊलवाट
घरात शिरून तपासणी, धुरी, दंड… पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगची आठवण झाली.

रसायनी
जबरदस्ती दोन्हीकडे होती आणि हुकूम देणारी सत्ता दोन्हीकडे बाहेरची. पण १८९७ मध्ये प्लेग पिसवांतून येतो हे कुणी धरूनच चाललं नव्हतं, त्यामुळे रोख माणसांवर आणि त्यांच्या चीजवस्तूंवर राहिला. पनामात नेमका वाहक माहीत होता.

मलेरिया मात्र पूर्ण गेला नाही. ॲनाफिलीस वाटेल त्या डबक्यात वाढतो, अगदी फावड्याच्या चाकोरीतसुद्धा. त्याची झेप कमी, म्हणून वस्तीभोवती २०० यार्डांपर्यंत गवत-झुडूप कापलं, चर काढले, ओढ्यांवर तेलाचे ठिबकते डबे टांगले. जिथे तेल टिकत नाही तिथे कार्बोलिक ॲसिड, राळ आणि कॉस्टिक सोडा एकत्र उकळून केलेलं अळीनाशक. शिवाय कोयनेल. १९०६ मध्ये हजार कामगारांमागे मलेरियाच्या ८२१ नोंदी होत्या, १९१३ मध्ये ७६.

रोजंदार
आकडे छान आहेत, पण कोणासाठी? पगाराच्या याद्या दोन. 'सोन्याची' यादी अमेरिकी गोऱ्यांची, 'चांदीची' बाकी सगळ्यांची. नावं चलनावरून पडली, पुढे त्यांचा थेट रंगभेद झाला: दुकानं, टपालाच्या खिडक्या, जेवणघरं, सगळं वेगळं. एकट्या बार्बाडोसमधून करारावर सुमारे २० हजार माणसं आणली. मजुरी तासाला १० सेंट, दिवस १० तासांचा. स्पेनहून आणलेल्यांना २० सेंट.

जाळ्यांची घरं आधी सोन्याच्या यादीला. चांदीवाल्यांची माणसं दाटीच्या बराकींत, ओल्या कपड्यांनीच झोपणारी. त्यांचा मोठा मारेकरी डास नव्हता, न्यूमोनिया होता. अमेरिकी काळात रोग आणि अपघात मिळून ५,६०९ मृत्यूंची नोंद आहे. त्यांतले सुमारे साडेचार हजार वेस्ट इंडीजचे, गोरे अमेरिकन साडेतीनशेच्या आसपास. फ्रेंच काळाचा २२ हजारांचा आकडा गॉर्गस यांचा अंदाज आहे, कारण इस्पितळाबाहेर मेलेला मजूर कुठल्याच वहीत नव्हता.

सुरुंग
अपघातांचं कारणही लिहून ठेवतो. पूर्ण कामात ६ कोटी पौंडांहून जास्त डायनामाइट वापरलं. धोका तीन ठिकाणी. एक, न उडालेला सुरुंग मातीत राहतो आणि नंतर फावड्याचा दात त्यावर बसतो. दोन, कुलेब्राच्या काही थरांत पायराइट होतं. हवा लागली की ते तापतं आणि भोक इतकं गरम होतं की भरताना काडतूस पेटू शकतं. त्यामुळे भरण्याआधी भोकाचं तापमान पाहायची पद्धत पडली. तीन, भरून ठेवलेले सुरुंग फार काळ तसेच राहणं. १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पोला २२ टन डायनामाइट भरून झालं होतं, शेवटचं भोक ठासताना सगळं एकदम उडालं. २३ जण गेले.

कोकणकडा
आता दरडी. कोकण रेल्वेच्या कटिंगांत पावसाळ्यात जे होतं, त्याचा हा थोरला भाऊ.

कुलेब्रात दोन वेगळे प्रकार होते आणि ते एक समजल्यामुळे सुरुवातीचे उपाय फसले. पहिला साधा: वरचा चिकणमातीचा थर पाणी पितो आणि खालच्या गुळगुळीत थरावरून सरकतो. ऑक्टोबर १९०७ मध्ये कुकाराचाची दरड अशीच सुटली. पाच लाख घनयार्ड माती, दहा दिवस, रोज सुमारे १४ फूट, हिमनदीसारखी. रूळ, फावडी गाडली गेली. यावर वरच्या अंगाला चर काढून पाणी वळवणं चालतं.

दुसरा वाईट. कापणी खोल होत गेली तसा बाजूच्या मऊ खडकाला स्वतःच्याच वरच्या थराचं ओझं पेलेना. तो तळाशी चेपतो आणि चिरडून बाहेर येतो. बाहेर म्हणजे कुठे? कापणीच्या तळातून वर! उभं असलेलं फावडं रुळासकट काही फूट उचललं गेल्याच्या नोंदी आहेत. इथे चर काढून काही होत नाही, खालची माती जितकी काढाल तितकी आणखी येते. उपाय एकच, माथ्यावरचं वजन कमी करायचं. म्हणून काठ मागे मागे नेत पायऱ्या पाडल्या. अडीच कोटी घनयार्डांच्या आसपास माल निव्वळ दरडींचा निघाला. त्यातच १९०८ मध्ये तळाची रुंदी २०० वरून ३०० फूट केली होती.

सनदशीर
जमीन कशी मिळाली तेही येऊ द्या. पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग. अमेरिकेशी झालेला जानेवारी १९०३ चा करार कोलंबियाच्या सिनेटने ऑगस्टमध्ये फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामाने स्वातंत्र्य पुकारलं. त्या सकाळी कोलंबियाचे सुमारे ५०० सैनिक कोलोनला उतरले होते. पनामा रेल्वे चालवणारे अधिकारी अमेरिकी. तिच्या अधीक्षकाने सेनापतींना खास डब्यात बसवून पुढे पाठवलं आणि सैनिकांसाठी डबे नाहीत असं सांगितलं. सेनापती पनामा सिटीत पोचताच अटकेत. अमेरिकेची नॅशव्हिल युद्धनौका कोलोनला हजर होतीच. ६ तारखेला मान्यता, १८ तारखेला करार.

करारावर पनामाच्या वतीने सही केली ती जुन्या फ्रेंच कंपनीत हितसंबंध असलेल्या ब्युनो-वारिया याने, पनामाचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचायच्या आत. दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा, बदल्यात १ कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख. फ्रेंच कंपनीला मात्र ४ कोटी! कोलंबियाला अडीच कोटी मिळाले ते १९२१ च्या करारमान्यतेनंतर.

रूळबदल
म्हणजे इथेही शेवटी वाघिणीच नाहीत. :)

हौदवाला
लॉकचं राहिलं. हौद ११० फूट रुंद, १,००० फूट लांब. रुंदी नौदलाच्या मागणीमुळे. गातूनला तीन पायऱ्या, पेद्रो मिगेलला एक, मिराफ्लोरेसला दोन, सगळे दुहेरी. पाणी भरायला पंप नाही. तळ्याचं पाणी भिंतींतल्या १८ फूट व्यासाच्या नळांतून हौदाच्या तळाखालच्या आडव्या नळांत येतं आणि १०० भोकांतून वर येतं. एकाच बाजूने पाणी सोडलं असतं तर जहाज भिंतीवर आपटलं असतं. तळभर विखुरल्यामुळे ते सरळ वर उचललं जातं.

दरवाजे पिट्सबर्गच्या मॅक्लिंटिक-मार्शलचे. एकूण ९२ कवाडं, प्रत्येक ६५ फूट रुंद, ७ फूट जाड, उंची ४७ ते ८२ फूट. सर्वांत जड कवाड ७०० टनांच्या पुढे. तरी २५ अश्वशक्तीची मोटर ते हलवायची, कारण आतून पोकळ. पाण्यात बरंचसं तरंगतं आणि बिजागरीवर भार कमी येतो.

काँक्रीट ४५ लाख घनयार्डांच्या घरात, बहुतांश सळईविना. गातूनची खडी पोर्तोबेलोची, वाळू नोंब्रे दे दियोसची. पॅसिफिककडे खडी अँकोन टेकडीची, वाळू चामेची. भिंत सलग ओतली नाही, ३६ फुटी तुकड्यांत पोलादी साचे लावून ओतली. रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या झटकून घ्यायचा हुकूम होता, आणि त्यातून खरोखर पैसे वाचले.

पाऊलवाट
१५ ऑगस्ट १९१४ ला 'अँकोन' जहाज गेलं आणि दरडी संपल्या का मग?

कोकणकडा
छे. १० ऑक्टोबर १९१३ ला कापणीच्या तोंडावरचा गांबोआचा बांध उडवून कापणीत पाणी घेतलं ते तिथल्या दरडी ड्रेजरने उपसणं स्वस्त पडावं म्हणूनसुद्धा. पाण्याचा थोडा आधार काठांना मिळतो, पण सप्टेंबर १९१५ मध्ये कुलेब्राच्या दोन्ही काठांवरून इतका माल आला की कालवा एप्रिल १९१६ पर्यंत बंद ठेवावा लागला. तेव्हाही काठाच्या माथ्यावर पंपाने पाण्याचे झोत मारून वरचं वजन धुऊन मागच्या दरीत सोडत होते, आणि खाली ड्रेजर गाळ भरत होते बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांत.

रूळबदल
बार्ज नेऊन रिकामे कुठे करायचे? तळ्यातच, वाटेपासून दूर खोल पाण्यात. तिथे रूळ सरकवायचा प्रश्न नव्हता.